लिबी झायन प्रकरण: तास मोजले, सोबत राहून गेली

पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षात डॉक्टरने किती तास काम करावं, हा वाद निघाला की लिबी झायनचं नाव येतंच. बहुतेक वेळा ते एका ओळीत उरकतं: थकलेल्या इंटर्नने चुकीचं औषध दिलं, मुलगी गेली, मग कायदा झाला. ही ओळ खोटी नाही, पण त्या रात्रीचे तपशील क्रमाने मांडले की अपुरी वाटू लागते. माझं मत आधीच सांगून टाकतो. या प्रकरणात थकव्याइतकाच, किंबहुना जास्तच, प्रश्न होता तो रात्री एकट्या पडलेल्या नवख्या डॉक्टरचा. नंतरच्या नियमांत थकवा पुढे आला, कारण तो घड्याळात मोजता येतो.

ती रात्र

रविवार, ४ मार्च १९८४. रात्री साडेअकराच्या सुमारास न्यूयॉर्क शहरातल्या न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आईवडील १८ वर्षांच्या लिबीला घेऊन आले. ती व्हरमाँट राज्यातल्या बेनिंग्टन कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. अंगात ताप, कमालीची अस्वस्थता, हातापायांना चमत्कारिक झटके, मधूनच भान सुटल्यासारखं बोलणं. नैराश्यासाठी मनोविकारतज्ज्ञांनी तिला फेनेल्झिन सुरू केलं होतं.

इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना नक्की निदान होईना. त्यांनी झायन कुटुंबाच्या डॉक्टरांना फोन केला. हे गृहस्थ त्याच रुग्णालयात अटेंडिंग, म्हणजे वरिष्ठ जबाबदार डॉक्टर होते. फोनवरच ठरलं: भरती करायचं, सलाइन लावायचं, लक्ष ठेवायचं.

दोनच्या सुमारास लिबी वॉर्डात पोचली. तिथे तिला दोघांनी तपासलं. एक इंटर्न, दुसरा निवासी डॉक्टर, प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षातला. (अमेरिकेत इंटर्न म्हणजे पदवी हातात पडलेला, रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या, पहिल्या वर्षाचा डॉक्टर, आपल्याकडच्या एमबीबीएसच्या इंटर्नशिपशी गल्लत करू नये.) वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणजे इंटर्नच्या गाठीला आठ महिन्यांचा अनुभव आणि त्या दिवशीचे अठराहून अधिक तास. दोघांनी मिळून केसपेपरवर जे निदान लिहिलं, त्याचा आशय असा: विषाणूजन्य आजार आणि त्यासोबत उन्मादाची, म्हणजे हिस्टेरियाची, लक्षणं.

हे निदान जरा थांबून वाचावं. तरुण मुलगी, ताप, हातपाय झाडतेय, बोलण्यात ताळतंत्र नाही. यातलं निम्मं विषाणूच्या खात्यावर टाकलं गेलं आणि निम्मं तिच्या स्वभावाच्या. ज्याचा उलगडा होत नाही ते मनाचं मानायचं, ही सवय तेव्हाही होती आणि नवख्या डॉक्टरला ती वरिष्ठांकडूनच लागते. एकदा असं लिहून झालं की पुढची प्रत्येक धडपड त्याच चष्म्यातून दिसते. पेशंट ओरडतेय? उन्माद. नळ्या ओढतेय? उन्माद.

झटके थांबावेत म्हणून पेथिडीनचं २५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन लिहिलं गेलं. अटेंडिंगशी बोलणं झालं होतं, तेही फोनवर. दुसऱ्या वर्षाचा डॉक्टर जवळच्या इमारतीत झोपायला गेला. बीपरवर उपलब्ध होता. इंटर्न बाकीच्या पेशंटकडे वळली. असे पेशंट होते जवळपास ४०.

साडेतीनच्या सुमारास पेथिडीन दिलं. लिबी शांत होण्याऐवजी आणखी बिथरली. सिस्टरांनी इंटर्नला फोन केले, किमान दोनदा. इंटर्न दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेली होती. तिने फोनवरच सांगितलं की हातपाय बांधा, आणि शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन लिहून दिलं. ती खाटेजवळ परत आली नाही. काही वेळाने लिबी निपचित झाली. वॉर्डात सगळ्यांना हायसं वाटलं असणार.

सकाळी साडेसहाला ताप पाहिला तेव्हा पारा १०७ अंश फॅरनहाइटवर होता, म्हणजे जवळजवळ ४२ सेल्सिअस. अंग थंड करण्याची धावपळ सुरू झाली, हृदय थांबलं, ते परत सुरू होऊ शकलं नाही.

पेथिडीन का, आणि त्याने काय झालं असावं

पेथिडीन हे वेदनाशामक. पण थंडी भरून अंग थडथडतं, तेव्हा ते थरथरणं थांबवायलाही ते चांगलं चालतं, आणि ही गोष्ट वॉर्डात काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. म्हणजे इंटर्नने काही अचाट औषध शोधून काढलं नव्हतं. समोर थरथर दिसली, थरथरीचं औषध दिलं. अडचण फेनेल्झिनची होती.

फेनेल्झिन मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम बंद पाडतं, तेही कायमचं. शरीराला ते नव्याने तयार करावं लागतं आणि त्याला दोनेक आठवडे लागतात. हे एन्झाइम सेरोटोनिनचा, म्हणजे मज्जापेशींमधल्या एका निरोप्या रसायनाचा, निचरा करतं. पेथिडीन सेरोटोनिनचं पेशीत परत शोषलं जाणं अडवतं. एक मोरी तुंबलेली असताना दुसरीलाही बोळा घातला तर जे होईल ते. सेरोटोनिन साचतं, स्नायू सतत आकुंचन पावत राहतात, त्यातून उष्णता तयार होते. हा ताप मेंदूतल्या तापनियंत्रक केंद्राने चढवलेला नसतो, म्हणून तापाच्या नेहमीच्या गोळीला तो दाद देत नाही.

आता बांधण्याचा मुद्दा. स्नायूंमधून उष्णता निर्माण होत असलेल्या माणसाला बांधून ठेवलं की तो बंधनाविरुद्ध जोर लावत राहतो, आणि उष्णता आणखी वाढते. सेरोटोनिन साचून होणाऱ्या या अवस्थेला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात, आणि आज तिच्या उपचारात बांधू नका असं स्पष्ट शिकवतात. बेन्झोडायझेपीन देऊन स्नायू सैल करा, अंग थंड करा, गरज पडली तर भूल देऊन व्हेंटिलेटरवर घ्या. हॅलोपेरिडॉलही टाळावं असं सांगतात. म्हणजे त्या रात्री सगळ्यांनी सद्हेतूने केलेल्या तीन गोष्टी एकाच दिशेने ढकलणाऱ्या निघाल्या.

पण इथे सावध राहायला हवं. झटके आणि बेचैनी पेथिडीनच्या आधीपासून होतीच, ते का, याचं पक्कं उत्तर मिळालं नाही. शवविच्छेदनात न्यूमोनिया सापडला. कोकेनचे अंश सापडल्याचा दावा झाला, वडिलांनी तो शेवटपर्यंत फेटाळला, आणि चाचण्यांच्या विश्वासार्हतेवर कोर्टात बराच खल झाला. सेरोटोनिन सिंड्रोमचे निदान-निकष तर १९९१ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी मांडले गेले. पेथिडीन आणि फेनेल्झिनच्या गटातल्या औषधांची जोडी जीवघेणी ठरू शकते हे १९५० च्या दशकापासून नोंदलेलं होतं, औषधाच्या माहितीपत्रकातही इशारा होता. पण तेव्हा ते फारच थोड्या डॉक्टरांच्या डोक्यात होतं. आज ते प्रत्येकाला पाठ असतं, आणि त्याचं मोठं कारण लिबीच आहे. आपण मागे वळून बघतोय म्हणून सगळं लख्ख दिसतंय.

कोण कुठे होतं

या प्रकरणातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट औषधाची नाही, नकाशाची आहे. पहाटे चारला कोण कुठे होतं ते बघा. अटेंडिंग घरी, पेशंटला डोळ्यांनी पाहिलेलं नाही. दुसऱ्या वर्षाचा डॉक्टर बाहेरच्या इमारतीत. इंटर्न दुसऱ्या पेशंटजवळ. सिस्टर लिबीच्या खाटेशी. म्हणजे जो जितका जाणता, तो पेशंटपासून तितका लांब.

हे कुणाच्या बेजबाबदारपणामुळे झालं नव्हतं, रचनाच तशी होती. अमेरिकेतल्या रेसिडेन्सीची घडी १८८९ मध्ये उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉल्स्टेड यांनी बसवली. शिकाऊ डॉक्टर रुग्णालयातच राहायचे, रात्रंदिवस पेशंटच्या हाकेला तयार. हॉल्स्टेड स्वतः आधी कोकेन आणि मग मॉर्फीनच्या विळख्यात होते, हा तपशील पुढे लोक या वेळापत्रकाबद्दल तिरकसपणे सांगू लागले; मला तो थोडा सोपा टोमणा वाटतो. खरी बाब अशी की ही घडी बसली तेव्हा पेशंट आठवडेच्या आठवडे पडून असायचे आणि डॉक्टरच्या हातात मोजकीच औषधं होती. १९८४ पर्यंत पेशंट अधिक आजारी, औषधं जालीम आणि मुक्काम आखूड झाला होता. रात्रीची रचना मात्र तीच राहिली: सगळ्यात कमी शिकलेला सगळ्यात पुढे, आणि वर फोन करायचा तर वरिष्ठाची झोपमोड होणार हे मनात धरून.

फोन न करण्याबद्दल बाहेरच्यांना नवल वाटतं. आतल्यांना वाटत नाही. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरची किंमत ‘रात्र एकट्याने निभावली’ यावर ठरते. ज्याने तीनदा उठवलं त्याची सकाळच्या राउंडला चर्चा होते. आणि मुळात फोन करायचा तर आपल्याला काहीतरी कळत नाहीये हे आधी कळावं लागतं. त्या रात्री ‘उन्माद’ हे उत्तर हातात असल्यामुळे प्रश्न शिल्लकच नव्हता.

कोर्टात

लिबीचे वडील सिडनी झायन पेशाने पत्रकार, त्याआधी सरकारी वकील. एखाद्या सामान्य घरात हे दुःख चार भिंतींत राहिलं असतं. झायन यांनी लेख लिहिले, ओळखी वापरल्या, हा खून आहे असं जाहीरपणे म्हटलं. मॅनहॅटनचे जिल्हा वकील रॉबर्ट मॉर्गेनथॉ यांनी प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे फौजदारी आरोप ठेवायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, नेलं. १९८६ मध्ये ज्युरीने कुणावरही फौजदारी आरोप ठेवला नाही, मात्र प्रशिक्षणाच्या पद्धतीवरच कोरडे ओढले.

या ज्युरीच्या शिफारशी वाचताना तासांची मर्यादा ही अनेकांतली एक होती हे ध्यानात येतं. इमर्जन्सीत अनुभवी डॉक्टर असावेत. इंटर्न आणि कनिष्ठ निवासी डॉक्टरांवर वरिष्ठांची प्रत्यक्ष हजर राहून देखरेख असावी. सलग कामाचे तास मर्यादित असावेत. पेशंटला बांधण्याबाबत नियम असावेत. आणि एकमेकांना मारक औषधं पकडणारी संगणक व्यवस्था शक्य आहे का ते तपासावं. १९८६ मधली ही शेवटची शिफारस! त्या रात्रीच्या प्रत्येक वळणाला इथे एकेक उत्तर आहे.

दोन कनिष्ठ डॉक्टरांच्या परवान्याची वेगळी चौकशी झाली. सुनावणी समितीने त्यांना दोषमुक्त केलं, मग वरच्या मंडळाने ठपका ठेवला, मग १९९१ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने तो पुसला. सात वर्षं.

दिवाणी दावा १९९५ च्या फेब्रुवारीत निकालात निघाला. खटला टीव्हीवर दाखवला गेला होता. ज्युरीने तीन डॉक्टरांना चुकीच्या औषधाबद्दल जबाबदार धरलं, लिबीनेही कोकेनची माहिती लपवून स्वतःच्या मृत्यूला हातभार लावला असं म्हटलं, आणि कुटुंबाला ३ लाख ७५ हजार डॉलर मंजूर केले. या निकालातला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. इंटर्नला ४० पेशंटसह एकटं सोडणं हा रुग्णालयाचा निष्काळजीपणा होता, हे ज्युरीला मान्य होतं. पण तो मृत्यूचं प्रत्यक्ष कारण नव्हता, असंही तिने ठरवलं. कायद्याच्या चौकटीत हे बसत असेल. वॉर्डात काम केलेल्या माणसाला पटणं अवघड आहे. औषधाचं नाव कागदावर असतं म्हणून तिथे बोट ठेवता येतं. जो माणूस तिथे नव्हता त्याची नोंद कुठल्याच केसपेपरवर नसते.

बेल समिती आणि ८० तास

राज्याचे आरोग्य आयुक्त डेव्हिड अॅक्सलरॉड यांनी डॉ. बर्ट्रांड बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून १ जुलै १९८९ पासून न्यूयॉर्क राज्यात नियम लागू झाले. आरोग्य संहितेतल्या कलमावरून त्यांना ‘४०५ नियम’ म्हणतात. आठवड्याला सरासरी ८० तास, सलग २४ हून अधिक नाही, इमर्जन्सीत सलग १२. आणि देखरेखीसाठी अनुभवी डॉक्टर रुग्णालयात चोवीस तास प्रत्यक्ष हजर.

बेल पुढे आयुष्यभर सांगत राहिले की यातला मुख्य मुद्दा देखरेखीचा होता, तासांचा नव्हे. ऐकलं कुणी नाही. ‘८०’ हा आकडा बातमीत मावतो, तपासणीत विचारता येतो, मोडला तर दंड लावता येतो. ‘हजर’ कसं तपासणार? अटेंडिंग इमारतीत होता, पण त्याला हाक मारली का, तो आला का, आल्यावर खाटेपर्यंत गेला का? अर्थात ८० तासही धड पाळले जात नव्हते. १९९८ मध्ये आरोग्य खात्याने शिक्षण-रुग्णालयांत अचानक तपासण्या केल्या तेव्हा उल्लंघन सर्रास आढळलं, सर्जरीत विशेष.

देशपातळीवर ८० तासांची मर्यादा यायला २००३ उजाडलं. ती एसीजीएमई या पदव्युत्तर प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थेने आणली. २०११ मध्ये तिने पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांसाठी सलग १६ तासांची अट घातली, आणि त्याच वेळी देखरेखीच्या पायऱ्या लिहून काढल्या. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरजवळ वरिष्ठ प्रत्यक्ष असावा, नाहीतर त्याच ठिकाणी लगेच येऊ शकेल असा असावा. नुसता फोनवर असलेला चालणार नव्हता. वृत्तपत्रांत गाजले ते १६ तास. २०१७ मध्ये ते मागे घेऊन पुन्हा २४ केले गेले, वर हँडओव्हरसाठी, म्हणजे पेशंट पुढच्या डॉक्टरच्या हवाली करण्यासाठी, चार. देखरेखीच्या पायऱ्या तेवढ्या टिकल्या, ही माझ्या दृष्टीने या सगळ्या उलथापालथीतली जमेची बाजू.

संशोधन काय म्हणतं

थकव्याने चुका होतात यात शंका नाही. १९७१ मध्येच १४ इंटर्नवर केलेल्या एका छोट्या अभ्यासात रात्र जागल्यावर ईसीजी वाचताना जवळपास दुप्पट चुका झाल्या होत्या. २००४ मध्ये बॉस्टनमधल्या अतिदक्षता विभागांत पारंपरिक वेळापत्रकावरच्या इंटर्नकडून कमी तासांच्या वेळापत्रकापेक्षा गंभीर चुका ३५.९ टक्क्यांनी जास्त झाल्या. म्हणजे ‘आम्ही केलं, तुम्हीही करा’ म्हणणाऱ्या वरिष्ठांचा मुद्दा टिकत नाही.

पुढे चित्र गढूळ होतं. सर्जरीच्या ११७ प्रशिक्षण कार्यक्रमांवर झालेली मोठी चाचणी २०१६ मध्ये आली, मेडिसिनच्या ६३ कार्यक्रमांवरची त्यानंतर. तासांचे नियम सैल ठेवले तरी पेशंटचं नुकसान वाढलेलं दिसलं नाही. याचा अर्थ जागरण निरुपद्रवी आहे असा काढू नये. पाळी लहान केली की पेशंट हातोहात जास्त वेळा बदलतो आणि प्रत्येक हँडओव्हरला काहीतरी गळतं. हँडओव्हरची शिस्त बसवली तर किती फरक पडतो, तेही मोजून झालं आहे: नऊ रुग्णालयांत ठरावीक साच्यात हँडओव्हर द्यायला शिकवल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या.

लिबीच्या रात्रीशी सगळ्यात जवळचा अभ्यास २०२० मधला आहे. लहान मुलांच्या सहा अतिदक्षता विभागांत २४ तासांच्या ड्युट्या बंद करून पाहिल्या. अपेक्षा चुका कमी होण्याची होती. गंभीर चुका वाढल्या. खोलात गेल्यावर दिसलं की नव्या वेळापत्रकात एका डॉक्टरच्या वाट्याला सरासरी ८.८ पेशंट येत होते, जुन्यात ६.७. हा फरक हिशेबात धरल्यावर वेळापत्रकांमधली तफावत नाहीशी झाली. आणि न्यूयॉर्कच्या त्या वॉर्डात हा आकडा ४० च्या घरात होता.

हे प्रकरण शिकवताना

नव्याने ड्युटीला लागणाऱ्यांसमोर हे प्रकरण मांडलं जातं तेव्हा शेवटी औषधांच्या जोडीचा तक्ता दाखवून तास संपतो. तक्ता हवाच. पण ते काम आता बरंचसं संगणक करतो, आणि इतक्या वेळा इशारे देतो की डॉक्टर न वाचता ते बंद करतात.

मी त्यापेक्षा वेळ घालवीन तो कुणाला कधी बोलवायचं यावर. एसीजीएमईच्या नियमांनुसार प्रत्येक प्रशिक्षण कार्यक्रमाने वरिष्ठांना कळवणं सक्तीचं असलेले प्रसंग लिहून ठेवावे लागतात, उदाहरणार्थ पेशंट आयसीयूत हलवणं. या यादीचा खरा फायदा असा की फोन करणं हा मग शिकाऊ डॉक्टरच्या धीराचा प्रश्न राहत नाही. नियम आहे म्हणून केला, संपलं. लिबीच्या रात्रीवरून अशा यादीत मी दोन नोंदी घालीन: पेशंटला बांधायची वेळ आली, आणि एकाच पेशंटसाठी सिस्टरचा दुसऱ्यांदा फोन आला. दोन्ही वेळी इंटर्नने खाटेपाशी जायचं आणि वरच्या डॉक्टरला उठवायचं. तिला जाता येत नसेल तर सिस्टरने थेट वर फोन लावायचा, कुणाची परवानगी न घेता.